नऊशे दिरहमचा चाप

माझ्या आयुष्यातल्या सर्वांत देखण्या पाच गोळ्या मी शेजाऱ्याच्या टार्गेटवर झाडल्या. पाचही काळ्या वर्तुळात, एकमेकींना चिकटून, एका दिरहमच्या नाण्याखाली झाकल्या जातील अशा. मी पिस्तूल टेबलावर ठेवलं, कानांवरचे मफ काढले आणि मागे बाकांवर बसलेल्या आमच्या ऑफिसच्या मंडळींकडे, हे तर काय, रोजचंच आहे, अशा चेहऱ्याने पाहिलं. मंडळी माझ्याकडे बघत नव्हती. ती शेजारच्या लेनमधल्या मल्होत्रांकडे बघत होती, कारण पाच गोळ्या झाडलेल्या मल्होत्रांच्या कागदावर दहा भोकं होती आणि माझा कागद नवऱ्यामुलाच्या सदऱ्यासारखा कोरा करकरीत होता. मल्होत्रांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "थँक यू, यार," ते म्हणाले, "ऐसा पड़ोसी सबको मिले." एखादा शहाणा माणूस हसला असता, पुढच्या वेळी लेनचा नंबर बघून नेम धरायचं ठरवून घरी गेला असता. मी गंभीरपणे पिस्तुलाकडे पाहिलं आणि म्हणालो, "ट्रिगर जड आहे."

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. लग्नाला सहा महिने झाले होते, दुबईच्या देरा भागातल्या एका मालवाहतुकीच्या कंपनीत नोकरी होती, खिशात असिस्टंट मॅनेजर असं छापलेली कार्डं होती, आणि एवढ्या ऐवजावर आपण मोठे झालो अशी माझी पक्की समजूत होती. मोठं होण्याबद्दलच्या या पुस्तकात सव्वीस वर्षांच्या घोड्याचं प्रकरण कशाला, असं कुणाला वाटेल. पण शारजात वाढलेल्या आमच्यासारख्या मुलांचं मोठं होणं फार लांबतं. घर वडिलांच्या नावावर, व्हिसा कधी वडिलांच्या तर कधी कंपनीच्या नावावर, गाडी बँकेच्या नावावर. स्वतःच्या नावावर काय, तर ती कार्डं. आमच्या बॉसला नेमबाजीचा नाद होता, म्हणून कंपनीची टीम होती, आणि बॉसच्या नजरेत भरायचं म्हणून मी त्या टीममध्ये होतो. शुक्रवार-शनिवार सुट्टी असायची. शुक्रवारी सकाळी वाळवंटाच्या कडेला असलेल्या त्या क्लबमध्ये जायचं, काळा चष्मा लावायचा, आणि आपल्याला नसलेल्या गुणांचा अभिनय करायचा.

क्लबमध्ये सगळं क्लबच्या मालकीचं होतं. पिस्तुलं त्यांची, गोळ्या त्यांच्या. गोळ्या मोजून मिळत आणि रिकामी टरफलं मोजून परत घेत. तिथला स्क्रूसुद्धा फाटकाबाहेर न्यायची सोय नव्हती. या देशात असल्या नियमांशी कुणी खेळत नाही. आम्ही तर व्हिसावर जगणारी माणसं, सिग्नल पिवळा झाला तरी आम्ही करकचून ब्रेक लावतो. या सगळ्या पिस्तुलांची देखभाल करणारा माणूस होता धनबहादूर. पन्नाशीचा, बुटका, नेपाळच्या फौजेतून निवृत्त झालेला. मिश्यांना तो जितका जपे तितका पिस्तुलांनाही जपत नसावा. तेलाचा वास मारणाऱ्या एका चिंचोळ्या खोलीत तो बसे आणि काउंटरवरून आम्हां हौशी मंडळींकडे, भाजीवाला भेंडी मोडून बघणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघतो तसा बघे. मी माझी तक्रार घेऊन गेलो तर त्याने पिस्तूल उघडलंसुद्धा नाही.

"साब, बंदूक ठीक है," तो म्हणाला. "उंगली में गड़बड़ है."

"बहुत हेवी है बहादूर, मेरा ग्रुप बिगड़ता है." ग्रुप म्हणजे कागदावर गोळ्यांचा पडणारा पुंजका.

"ग्रुप तो बहुत अच्छा था साब. पता गलत था."

मग त्याने नळीवर एक नाणं ठेवलं, रिकामं पिस्तूल माझ्या हातात दिलं आणि नाणं न पाडता चाप ओढायला सांगितला. चाप म्हणजे ट्रिगर. आमच्या बाबांचा शब्द, आणि मला तो फार गावंढळ वाटायचा. नाणं पडलं. दहा वेळा पडलं. "रोज सौ बार," तो म्हणाला, "दो महीना. फिर बात करेंगे." मी मनात म्हटलं, हा पान्हे फिरवणारा माणूस, याला आधुनिक गोष्टी काय कळणार. हे वाक्य मी आज इथे मुद्दाम जसंच्या तसं लिहून ठेवतो आहे.

कारण मी तोवर इंटरनेटवर वाचायला लागलो होतो. नेमबाजीची साधनं विकत घेणाऱ्या माणसांची एक वेगळीच दुनिया तिथे नांदत होती. ही माणसं गोळ्या कमी झाडत आणि फोटो जास्त काढत. एक जण मूठ बदलून अक्रोडाच्या लाकडाची बसवून घेई, दुसरा लगेच त्याहून गडद लाकडाची बसवी. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे कारखान्यातून येणारं पिस्तूल म्हणजे नुसता कच्चा माल. खरं पिस्तूल तुम्ही सुटे भाग बदलून घडवायचं. आणि सगळ्यात पहिला भाग ट्रिगर. परदेशी कंपनीचा, घासूनपुसून चकचकीत केलेला, अलगद सुटणारा. "काच तुटल्यासारखा सुटतो," असं कुणीतरी लिहिलं होतं, आणि मी ते वाक्य ऑफिसात, घरात, एकदा तर बर दुबईच्या देवळाच्या रांगेतही लोकांना ऐकवलं. त्या माणसांपैकी कुणाचाही नेम कसा आहे हे कुणी कुणाला विचारत नसे. ते विचारणं असभ्य समजलं जाई. आजही ही जमात दिसली की मी तिला लांबून ओळखतो. आता ती बारा हजारांच्या सायकली घेऊन वाळवंटात जाते आणि सायकलीला टेकून करक, म्हणजे इथला कडक दुधाळ चहा पिते. माझी मुलगी इरा म्हणते, "बाबा, व्हाय आर यू सो मीन टू देम?" तिला काय सांगू? माणूस आपल्या जुन्या फोटोवर जसा चिडतो तसा मी त्यांच्यावर चिडतो.

क्लबच्या दुकानातून असा ट्रिगर रीतसर मागवता येत असे, परवान्यासकट, आणि तो क्लबच्या पिस्तुलात बसवून ते पिस्तूल आपल्यासाठी राखूनही ठेवता येत असे. किंमत नऊशे दिरहम. हे मी घरी जेवताना सांगितलं. अल मजाजमधलं आमचं घर अकराव्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. खिडकीखाली खालिद लगून, त्यातलं कारंजं, संध्याकाळी मशिदीची बांग, आणि या सगळ्यावर बाराही महिने चाललेली एसीची घरघर, जी बंद पडली की आम्ही दचकायचो. जेवणाच्या टेबलाला चार खुर्च्या. सहा महिन्यांपूर्वीपर्यंत चौथीवर वर्तमानपत्रं असत, आता तिथे वैदेही बसे. ती सांगलीची, तिकडे शाळेत शिकवायची, इथे नोकरीच्या खटपटीत होती, आणि आमच्या घरात अजून जपून बोलायची. आईने त्या दिवशी भरली वांगी केली होती आणि पोळ्या संपल्यावर बाबा नेहमीप्रमाणे खुबूस ओढून घेत होते. इराणी भट्टीतला तो गरम खुबूस आणि दाण्याच्या कुटाचा रस्सा हे काँबिनेशन मला अजून कुठल्या हॉटेलात मिळालेलं नाही.

"नऊशे," बाबा म्हणाले. ते पाइप बनवणाऱ्या कंपनीत तपासनीस होते, तीस वर्षं व्हर्नियर लावून दुसऱ्यांच्या चुका शोधत होते. "नऊशे गुणिले बारा. दहा हजार आठशे रुपये. चापाला."

"बाबा, इट्स ॲन अपग्रेड."

"चाप ओढायचा कुणी? तूच ना? मग अपग्रेड कुठे झालं?"

वैदेहीने पटकन पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. हसली असणार. मी ते मनाला लावून घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी ऑर्डर देऊन आलो.

आईला मात्र यातला एकच शब्द ऐकू आला होता, तो म्हणजे शस्त्र. नवरात्र तोंडावर आलं होतं. इथे सगळे सण ऑफिस सुटल्यावर येतात. घट बसायचे ते आदल्या शुक्रवारी बर दुबईच्या देवळाजवळच्या गल्लीतून झेंडू, परडी आणि माती आणून. हो, वाळवंटात राहून आम्ही माती पिशवीत विकत घ्यायचो. खंडेनवमीला घरातली हत्यारं पूजायची, तर आमच्या घरात हत्यारं कसली? चौरंगावर आईची विळी, मिक्सरचं भांडं, बाबांचा व्हर्नियर, गाडीची किल्ली. या वर्षी वैदेहीचं लाल पेन त्यात जाणार होतं. "सत्तावीस वर्षं मी मिक्सरला हळदीकुंकू वाहते आहे," आई म्हणाली. "या वर्षी खरं शस्त्र आहे घरात, तर ते चौरंगावर नको? लग्नानंतरचा पहिला दसरा तुझा." मी म्हटलं, अगं, पिस्तूल क्लबातून बाहेर येत नाही. "मग तो तुझा नवा चाप आण. तेवढा तर तुझा आहे ना?"

तो माझा नव्हता. ट्रिगर आला त्या दिवशी धनबहादूरने तो रजिस्टरमध्ये चढवला होता आणि रकान्यावर बोट ठेवून मला वाचून दाखवलं होतं, भाग क्लबबाहेर नेता येणार नाही. पण खंडेनवमीच्या गुरुवारी मी ऑफिसातून लवकर निघून क्लबवर गेलो. दुसऱ्या दिवशी, ऐन दसऱ्याला, कंपन्यांच्या चषकाची मॅच होती आणि ट्रिगर सकाळीच बसवायचा होता. मी काउंटरवर ओणवा होऊन आईची गोष्ट सांगितली. अपेक्षा नव्हती. धनबहादूरने मिश्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, त्यांच्याकडे हे दशैंचे, म्हणजे नेपाळी दसऱ्याचे दिवस. पलटणीत असताना सगळी शस्त्रं मांडून पूजा व्हायची. अकरा दशैं झाले, तो घरी गेला नव्हता. मुलगी काठमांडूला नर्सिंग शिकत होती, तिची फी जायची. "माताजी ने बोला है?" त्याने पुन्हा विचारलं. मी मान हलवली. त्याने तो चकचकीत तुकडा कापडात गुंडाळला, रजिस्टर उघडलं नाही, आणि पुडी माझ्या रिकाम्या डब्यात ठेवली.

"कल सुबह आठ बजे से पहले. और साब, सिर्फ फूल. टीका-चावल कुछ नहीं. ये मशीन है."

"हाँ हाँ, फूल," मी म्हणालो. गाडीत बसताना मला त्याची गंमत वाटत होती. एवढा कडक माणूस, आणि माताजी म्हटल्यावर विरघळला. आपल्याला माणसं हाताळता येतात, असं मी स्वतःला सांगितलं. फाटकावरच्या पहारेकऱ्याने डबा बघितलासुद्धा नाही.

संध्याकाळी घरात कडाकण्यांचा तळणाचा वास भरला होता. चौरंगावर लाल खण, त्यावर हत्यारांची रांग, आणि मधोमध, झेंडूच्या पाकळ्यांवर, माझा ट्रिगर. खरं सांगायचं तर तो एखाद्या महागड्या बाटलीच्या झाकणाइतका दिसत होता. बाबा सोवळं नेसून उभे राहिले. आईने हळद वाहिली, तुपात कालवलेलं ओलं कुंकू करंगळीशेजारच्या बोटावर घेतलं आणि मला धनबहादूरचं वाक्य स्वच्छ आठवलं. मी विसरलो असं मी पुढे बऱ्याच जणांना सांगितलं आहे; विसरलो नव्हतो. पण विळीला कुंकू, पेनाला कुंकू आणि मधल्या मानकऱ्याला नाही, हे आईला कोण समजावणार? शिवाय कुंकवाने तो फार छान दिसला असता आणि मला त्याचा फोटो त्या इंटरनेटवरच्या मंडळींना पाठवायचा होता. आईने टिळा लावला, अक्षता वाहिल्या, चांगल्या मूठभर.

"चालतं ना रे हे त्याला?" वैदेहीने हळूच विचारलं.

"स्टील आहे ते," मी म्हणालो. असं म्हणताना मी भुवईही उंचावली असेल, तेव्हा मला तशी सवय होती.

फोटो काढला. आरती झाली, कडाकण्या खाल्ल्या. मग मी जुन्या टूथब्रशने ट्रिगर घासला, फुंकर मारली, पुसला आणि चकचकीत झाला म्हणून पुडीत बांधला. सकाळी पावणेआठला धनबहादूरने तो हातात घेऊन उजेडात धरला. "फूल ही चढ़ाया न?" मी म्हटलं, "हाँ, बस फूल." त्याने तो तसाच बसवला. बसवून झाल्यावर दहा-बारा वेळा रिकामा चालवून बघितला, ठीक सुटला. त्याला आत उघडून बघायचं कारण नव्हतं, कारण त्याने मला विचारलं होतं आणि मी उत्तर दिलं होतं.

मॅच रंगात आली. पहिल्या दोन फेऱ्या माझ्या बऱ्या गेल्या, म्हणजे निदान स्वतःच्या कागदावर गेल्या. बॉस मागे बाकावर सावरून बसला. तिसऱ्या फेरीत मी गोळ्या भरल्या, पिस्तूल उचलायच्या आधी नळी पुढे झुकवून उभा राहिलो, बोट बाहेर, नियमाप्रमाणे. आणि पिस्तूल सुटलं. मी काही ओढलं नव्हतं. आवाज नेहमीचाच, पण तो येतो त्या जागेहून भलतीकडून आल्यासारखा वाटला. दीड हात पुढे फरशीचा टवका उडाला आणि त्यातला एक कपचा मल्होत्रांच्या बुटाला लागला. मल्होत्रा नेहमी काहीतरी विनोद करायचे. या वेळी ते नुसते आपल्या बुटाकडे बघत राहिले. शिट्टी वाजली, सगळ्यांनी पिस्तुलं खाली ठेवली. नळी आणखी थोडी उजवीकडे असती तर, हे वाक्य मी आजवर पूर्ण केलेलं नाही.

क्लबचा मॅनेजर आला. कुठल्याशा फौजेतून निवृत्त झालेला गोरा माणूस, इस्त्रीसारखा ताठ. धनबहादूरने तिथेच टेबलावर पिस्तूल उघडलं. आम्ही तिघं ओणवे झालो होतो, पण मॅनेजरच्या आणि टेबलाच्या मध्ये धनबहादूरची पाठ होती. मला दिसलं. आतल्या खाचेत, ट्रिगरला अडकवून धरणाऱ्या खिट्टीच्या टोकाखाली, तुपाच्या तांबड्या लगद्यात रुतलेला अर्धा तांदूळ. खिट्टी त्यावर कशीबशी टेकली होती. धनबहादूरने माझ्याकडे पाहिलं. किती वेळ, सांगता येणार नाही. एक माणूस दुसऱ्याला बोलण्यासाठी देतो तेवढा वेळ. त्याला वाचवण्यापुरतं मी एवढंच म्हणायचं होतं, की हा भाग मी काल त्याला न विचारता डब्यातून नेला. माझं सभासदत्व गेलं असतं, बॉस चिडला असता, कदाचित याहून वाईट. मागे बॉस उभा होता. मी त्या बॉसला दाखवायला म्हणून काय केलं, तर कपाळावर आठ्या घालून पिस्तुलाकडे बघितलं, जणू मलाही उत्तर हवं होतं.

धनबहादूरने फडक्याने तो लगदा पुसून घेतला आणि फडकं खिशात टाकलं. "सर, फिटिंग में कमी रह गई," तो म्हणाला. "मेरी गलती." मॅनेजरने माझ्याकडे वळून विचारलं, तुम्हाला ट्रिगरमध्ये आधी काही जाणवलं होतं का? आणि मी, फिटिंगवर चार महिने वाचन केलेला तज्ज्ञ, म्हणालो, "थोडं लूज वाटलं होतं, सर."

त्याला तिथल्या तिथे कामावरून थांबवलं. निर्णय उद्या.

घरी दसऱ्याची गर्दी होती. शारजातली सगळी मराठी मंडळी एकमेकांकडे सोनं वाटत फिरत होती, आई प्रत्येकाच्या हातावर आपट्याची पानं आणि बासुंदीची वाटी ठेवत होती, आणि मी "बोअर झालं, मॅच कॅन्सल झाली" असं सांगत होतो. पाहुणे गेल्यावर वैदेहीने विचारलं, नक्की काय झालं? मी सांगितलं, आणि ते आईने ऐकलं. आई बसलीच. "माझ्या अक्षतेमुळे?" एवढंच ती म्हणाली आणि तेव्हापासून तिने ताटाला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पैठणी नेसून तयार. "मी येते. मी सांगते त्या साहेबाला, कुंकू मी लावलं, त्या बिचाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं." बाबा मात्र खिडकीकडे तोंड करून उभे होते. तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधणारा माझा बाप म्हणाला, "त्याने स्वतः कबूल केलंय ना? मग खलास. तू तोंड उघडलंस तर चौघांचे व्हिसे आहेत." मला बाबांचा राग आला. खरं तर ते माझ्याच मनातलं मोठ्याने बोलत होते.

आईला घरी ठेवून मी गेलो. वाटेवर पूर्ण भाषण तयार केलं, इंग्रजीत. मॅनेजरच्या केबिनमध्ये धनबहादूर उभा होता, टेबलावर त्याचा पासपोर्ट आणि एक छापलेला कागद. मी दार ठोठावून आत शिरलो आणि सुरू झालो: सर, मला काही कबूल करायचं आहे. खंडेनवमी काय असते, आमच्या संस्कृतीत शस्त्राचं स्थान काय, माझी आई, माझी भीती, माझी रात्रभर न लागलेली झोप. भाग मी परवानगीशिवाय नेला, याला काही माहीत नव्हतं. माझा आवाज भरून आला. मला तो भरून आलेला आवाज आवडलासुद्धा.

"चुप रहो, साब," धनबहादूर म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या आवाजात चीड होती. "पुलिस बुलवाओगे क्या?"

मॅनेजरने टोपण लावून पेन ठेवलं. एखाद्या सांडलेल्या वस्तूकडे बघावं तसं त्याने माझ्याकडे पाहिलं. भाग फाटकाबाहेर गेला असं कागदावर आलं तर क्लबचा परवाना धोक्यात, हे त्याला माझ्याआधी कळलं होतं. धनबहादूरला तर कालच, त्या टेबलापाशीच कळलं होतं. फिटिंगची चूक म्हणजे नोकरी गेली. भाग बाहेर गेला म्हणजे तुरुंग. त्याने त्यातलं स्वस्त निवडलं होतं आणि मी चोवीस तासांनी येऊन ते महाग करत होतो. "आय डिड नॉट हिअर दॅट," मॅनेजर म्हणाला. "यू आर नो लाँगर अ मेंबर. गो होम." मग त्याने तो कागद धनबहादूरकडे सरकवला आणि धनबहादूरने सही केली.

बाहेर पार्किंगमध्ये मी त्याच्या मागे गेलो. पुन्हा बोललो, बरंच बोललो. माफी मागितली, मग किती वाईट वाटतंय ते सांगितलं, मग माफी मागितली. उन्हात डोळे बारीक करून तो ऐकत होता. "बोलना था तो कल बोलते, साब. कल मैंने आपको टाइम दिया था," तो म्हणाला. "आज तो टिकट बन गया." आणि तो त्याच्या खोलीकडे चालू लागला, पाठ ताठ, मिश्या जागेवर. माझ्याविषयी त्याचं मत पहिल्या दिवसापासून जे होतं, ते बदलायला मी त्याला कारण दिलं नव्हतं.

आणि तरी, हे लिहायला लाज वाटते, शारजाला परतताना मला हलकं वाटत होतं. आपण खरं बोललो. उशिरा, पण बोललो. सभासदत्व गमावून बोललो. घरी आल्यावर आईने दारातच विचारलं, "ठेवलं का त्याला कामावर?" मी नाही म्हटल्यावर ती आत देवापाशी जाऊन बसली, माझ्या धैर्याची हकीकत तिने ऐकून घेतली नाही. म्हणून मी ती स्वयंपाकघरात वैदेहीला ऐकवली. ती गवार मोडत होती. मी ओट्याला टेकून सगळं सांगितलं, मॅनेजरची केबिन, भरून आलेला आवाज, पार्किंगमधलं ऊन. तिने मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही. सहा महिने ती आमच्या घरात जपूनच बोलत होती, त्यामुळे मला वाटलं, भारावली आहे.

"गावी जाऊन करणार काय ते आता?" तिने विचारलं.

"माहीत नाही."

"मुलीच्या फीचं?"

"ते काही... तसं बोलणं नाही झालं."

"जाणार कधी आहेत?"

तिने उरलेल्या गवारीची परडी बाजूला सारली, नळाखाली हात धुतले, आणि खुंटीवरची ओढणी घेत म्हणाली, "म्हणजे एवढा वेळ तू तुझ्याबद्दलच बोलत होतास. चल, गाडी काढ. मी येते. आणि तिथे तू एक अक्षर बोलायचं नाहीस."